पावसाळ्यानंतर दरवर्षी गोल्फ कोर्सचं तेच ग्रीन का बसतं? एअरेशन करूनही पाणी धरणाऱ्या ग्रीनचा इलाज

ऑगस्टच्या मध्यापर्यंत ग्रीन, म्हणजे गोल्फच्या भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, ठीक दिसतं. मग आठवडाभर झड लागते. ती उघडली की नेहमीच्याच जागी हरळी विरळ झालेली असते, खाली काळपट हिरवं शेवाळ, मोअरच्या, म्हणजे गवत कापायच्या यंत्राच्या, रोलरचे वळ, आणि चालताना बुटाखाली पिचपिच. सप्टेंबरात ऊन तापलं की शेवाळाचा पापुद्रा वाळून कडक होतो आणि त्याखालून कोंब वर येत नाही. ऑक्टोबरात घाईघाईने एअरेशनचं, म्हणजे जमिनीत छिद्रं पाडून हवा पोचवायचं, मशीन फिरतं, नोव्हेंबरात ग्रीन बरं दिसायला लागतं, स्पर्धा सुरू होतात आणि विषय मागे पडतो. पुढच्या ऑगस्टला तेच ग्रीन, तीच जागा.

पुणे-नाशिकच्या पठारावरची आणि मुंबई-कोकण पट्ट्यातली ग्रीन्स डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. इथे ग्रीनवर बहुतेक ठिकाणी बर्म्युडा असतं, म्हणजे आपल्या हरळीच्याच घराण्यातली खुजी वाणं: जुन्या कोर्सवर टिफड्वार्फ, नंतरच्या काही कोर्सवर टिफईगल. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिमी पाऊस पडतो, मुंबईत त्याच्या जवळपास तिप्पट, आणि तरी तक्रार दोन्हीकडे सारखीच ऐकू येते. पडलेलं पाणी वरच्या तीन इंचांतून खाली उतरतं की तिथेच अडतं, यावर सगळं ठरतं.

माझं मत आधीच सांगतो. दरवर्षी एअरेशन करूनही जे ग्रीन बसतं, त्याच्या पोटात बहुतेक वेळा एक थर असतो. एक तर आपली छिद्रं त्या थराच्या आरपार जात नाहीत, किंवा जातात पण वरपर्यंत भरली जात नाहीत. मशीन फिरलं एवढ्यावर समाधान मानलं की हा थर वर्षानुवर्षं तसाच राहतो.

मशीन काढण्याआधी दोन गोष्टी बघा

पहिली, ड्रेनचं तोंड. ग्रीनखालचा पाइप जिथे बाहेर पडतो ती जागा निम्म्या कोर्सवर कुणालाच नक्की माहीत नसते. जुन्या मुकादमाला विचारा, त्याला ठाऊक असतं. जोराचा पाऊस थांबल्यावर अर्ध्या-एक तासाने तिथे जाऊन उभे राहा. ग्रीनवर पाणी आहे आणि पाइपच्या तोंडातून धार नाही, तर दोनच शक्यता: वरचं पाणी पाइपपर्यंत पोचत नाही, किंवा पाइप गाळाने वा मुळांनी बुजलाय. तोंडातून वर पाण्याचा पाइप घालून, दाब देऊन साफ करता येतो. वडा-पिंपळाच्या कुळातलं झाड जवळ असेल तर मुळं आत शिरलेली असणारच, असं धरून चाला.

दुसरी, कॉलर, म्हणजे ग्रीनभोवतीचा काठाचा पट्टा. वर्षानुवर्षं टॉपड्रेसिंगची, म्हणजे ग्रीनवर पसरायची, वाळू चटईने ओढत काठाकडे नेली जाते आणि कॉलर हळूहळू उंच होते. अर्धा इंच उंची डोळ्यांना दिसत नाही, पण ग्रीनच्या उतारावरून वाहत आलेलं पाणी तिथे अडायला तेवढी पुरते. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या, एक टोक ग्रीनच्या आत दोन मीटरवर धरा आणि दुसरं कॉलरवर. कॉलर वर निघाली तर त्या पट्ट्यातली हरळी सोलून काढायची, खालची वाळू उतरवायची आणि तीच हरळी परत बसवायची. हे काम दोन माणसांचं आणि एका सकाळचं आहे. कित्येकदा पाणी साचण्याची निम्मी तक्रार एवढ्यानेच मिटते, म्हणून आधी सांगितलं.

प्लग काढा आणि नीट बघा

आता मुख्य काम. त्यासाठी खास उपकरण नको. रोज कप, म्हणजे चेंडू पडायचं भोक, हलवायला वापरतो तो होल कटर पुरतो. त्याचा प्लग, म्हणजे मातीचा गोल ठोकळा, १०८ मिमी व्यासाचा, म्हणजे सव्वाचार इंचाचा निघतो, आणि जोर देऊन दोनदा उतरवला तर सहा-सात इंच खोलपर्यंतचं पोट दिसतं.

एकाच ग्रीनवर तीन प्लग काढा: सगळ्यात वाईट जागेतला, त्याच ग्रीनच्या चांगल्या भागातला, आणि पाणी जिकडे उतरतं त्या खालच्या काठाजवळचा. चाकूने कापू नका, कारण पातं सगळे थर एकमेकांत सारवून टाकतं. दोन्ही हातांनी धरून उभा मोडा. जिथे थर बदलतो तिथे प्लग आपसूक तुटतो, आणि ती तुटलेली रेघच आपण शोधत असतो.

मोडलेला प्लग उन्हात धरून वरून खाली नजर फिरवा. वर पाव इंच हिरवा-तपकिरी थॅच, म्हणजे हरळीच्या खोड-मुळांचा साचलेला थर. त्याखाली काळसर, ओलसर, बोटाने दाबला तर पाणी सोडणारा थर. मग अचानक पिवळसर, जवळजवळ कोरडी वाळू. पुन्हा करड्या रंगाची बारीक, चिकट रेघ, दोन-तीन मिमीचीच, पण नखाने खरवडली की पिठासारखी भुकटी निघते. त्याखाली जाडी वाळू. पांढरी मुळं कुठवर आली आहेत ते पाहा. खराब ग्रीनमध्ये ती पहिल्याच रेघेपाशी येऊन आडवी वळलेली असतात, खाली एकही तंतू जात नाही. चांगल्या भागातल्या प्लगमध्ये तीच मुळं चार इंचांपर्यंत सरळ उतरलेली दिसतील. हे दोन प्लग शेजारी ठेवून फोटो काढा, पुढे क्लबच्या कमिटीसमोर कामाला येतो.

शेवटी वास घ्या. निरोगी प्लगला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला आणि दोन-तीन इंचांवर काळा पट्टा दिसला, तर तो ब्लॅक लेयर. हवा संपलेल्या त्या थरात सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, तो लोहाशी मिळून काळा पडतो, आणि मुळं मरतात. हा पट्टा उघड्यावर ठेवला की तासाभरात फिका पडतो, म्हणून जागच्या जागीच पाहायचा. ऑफिसात नेऊन दाखवेपर्यंत निम्मा रंग उडालेला असतो.

दोन इंचांच्या थराने पाणी का अडतं

हे समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

बारीक वाळूत कणांमधल्या फटी अरुंद, त्यात पाणी घट्ट धरलं जातं. खाली जाडी वाळू असेल तर तिच्या रुंद फटी ते पाणी ओढू शकत नाहीत. वरचा बारीक थर पूर्ण भिजून चिंब होईपर्यंत पाणी खाली उतरतच नाही. अंग पुसलेला पंचा पिळल्याशिवाय टांगला, तर खालची कड तासभर ओलीच राहते, तसंच हे. याच तत्त्वावर यूएसजीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेच्या, पद्धतीचं ग्रीन बांधतात. १९६० साली त्यांची शिफारस पहिल्यांदा प्रसिद्ध झाली: वर ३०० मिमी वाळूचं मिश्रण, खाली १०० मिमी खडी, त्याखाली ड्रेन. वाळू-खडीच्या सीमेवर पाणी मुद्दाम अडवलं जातं, म्हणजे उन्हाळ्यात मुळांना खाली ओल मिळते आणि वरचे सहा-आठ इंच हवेशीर राहतात. फूटभर खोलीवर अडलेलं पाणी हरळीला उपयोगी पडतं. तेच पाणी पृष्ठभागापासून दीड इंचावर अडलं तर मुळं गुदमरतात.

हा वरचा थर येतो कुठून? दोन वाटांनी. एक, हरळीच्याच मेलेल्या खोड-मुळांतून. खुजी बर्म्युडा भराभर थॅच तयार करते, उन्हाळ्यात तर फारच. वाळू कमी पडली की सेंद्रिय भाग साचून स्पंज बनतो. वरच्या दोन इंचांत वजनाने तीन-चार टक्क्यांच्या वर सेंद्रिय भाग गेला की ग्रीन मऊ व्हायला लागतं, असा सर्वसाधारण आडाखा आहे. दुसरी वाट आपण स्वतः टाकलेली वाळू, आणि महाराष्ट्रात मला हीच जास्त वेळा सापडते.

नदीची वाळू मिळणं अवघड झाल्यापासून जो ट्रक मिळेल तो उतरवून घ्यायची सवय सगळीकडे लागली आहे. एका वर्षी नदीची, पुढच्या वर्षी क्रश सँड, त्यानंतर कुणीतरी स्वस्तात दिलेली धुतलेली वाळू. प्रत्येक ट्रकचा कण वेगळा. ग्रीनच्या पोटात त्या सगळ्यांच्या चकत्या एकावर एक बसत जातात. क्रश सँड म्हणजे फोडलेला बेसाल्ट. तिचे कण धारदार, आणि तिच्यात दगडाची भुकटी असते. प्लगमध्ये दिसलेली ती करडी चिकट रेघ बहुतेक वेळा हीच भुकटी. नदीच्या न धुतलेल्या वाळूत गाळ असतो आणि तोही तेच करतो. काळ्या मातीच्या पट्ट्यातल्या कोर्सवर ट्रक उतरवतानाच खालची माती वाळूत मिसळते. ती माती ओली झाली की फुगते, त्यामुळे थोडीशी मिसळली तरी निचरा बिघडतो.

वाळू घेताना बांधकामाची भाषा वापरू नका. काँक्रीटसाठी चांगली असलेली वाळू ग्रीनसाठी फार जाडी असते, आणि प्लास्टरची बारीक वाळू भुकटीने भरलेली असू शकते. यूएसजीएच्या शिफारशीत रूटझोनच्या, म्हणजे मुळांच्या थराच्या, वाळूचा किमान ६० टक्के भाग पाव ते एक मिमी कणांचा असावा लागतो, एक मिमीच्या वर १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि अतिबारीक वाळू, गाळ व चिकणमाती मिळूनही १० टक्क्यांच्या आत. शहरात काँक्रीट तपासणारी प्रयोगशाळा असतेच, ती चाळणीची चाचणी करून देते. त्यांच्या नेहमीच्या संचात १.१८ मिमी, ६०० आणि ३०० मायक्रॉनच्या चाळण्या असतात. तुम्ही एक मिमी, ५०० आणि २५० मायक्रॉनच्या जाळ्या लावायला सांगा, नाहीतर अहवालातले आकडे जुळवताच येणार नाहीत. ट्रक दारात उभा असताना झटपट चाचणी हवी तर काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा वाळू, वर पाणी, जोरात हलवून ठेवा. अर्ध्या तासाने वाळूवर स्पष्ट करडा किंवा तांबूस थर बसला आणि वरचं पाणी गढूळच राहिलं, तर ट्रक परत पाठवा.

सिंधुदुर्गात कासार्डे परिसरातली सिलिका वाळू धुऊन, चाळून मिळते आणि कणांच्या मापानुसार मागवता येते. वाहतूक महाग पडते. तरीही ग्रीनसाठी मी तिकडेच झुकेन, कारण दरवर्षी तोच कण मिळण्याला जे मोल आहे ते भावातल्या फरकापेक्षा मोठं आहे.

छिद्रं किती, केवढी, किती खोल

थर सापडला, त्याची खोली मोजली. आता टाइन, म्हणजे मशीनचा छिद्र पाडणारा दात, निवडा. नियम सोपा: छिद्र थराच्या खाली किमान एक इंच गेलं पाहिजे. थर पावणेदोन इंचांवर असेल आणि मशीन दीड इंचावर लावलेलं असेल, तर सगळी मेहनत थराच्या वरच राहते. हे फार ठिकाणी होतं, कारण टाइन झिजतात. नवी चार इंचांची टाइन हंगामाच्या शेवटी सव्वातीन इंच उरते आणि कुणी मोजत नाही. प्रत्येक ग्रीनला सुरुवात करण्याआधी दोन छिद्रांत काडी घालून खोली मोजायची सवय मशीनवाल्याला लावा.

थर काढायचा असेल तर पोकळ टाइनच हवी. भरीव टाइन छिद्र पाडते, पण माल बाहेर काढत नाही, बाजूला दाबते. १२ मिमीची पोकळ टाइन ५० मिमी अंतरावर चालवली तर चौरस मीटरला ४०० छिद्रं पडतात आणि पृष्ठभागाचा फक्त साडेचार टक्के भाग बदलला जातो. त्याच अंतरावर १६ मिमीची टाइन घेतली तर आठ टक्के. वर्षभरात मिळून १५ ते २० टक्के भाग बदलायचा, हे खुज्या बर्म्युडासाठी पूर्वापार चालत आलेलं लक्ष्य आहे. म्हणजे १६ मिमीच्या दोन फेऱ्या झाल्या तर आपण जेमतेम तिथे पोचतो. वर्षातून एकदा १२ मिमीची फेरी करून थर जाईल ही अपेक्षाच चुकीची. दरवर्षी जितका नवा थॅच तयार होतो, तितकाही त्यातून निघत नाही.

वाळूचा हिशेब आधी करा. १६ मिमी, १०० मिमी खोल, ५० मिमी अंतर: चौरस मीटरला आठ लिटर. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला चार घनमीटर, वर पसरलेला एक मिमी धरला तर साडेचार, म्हणजे दीड ब्रासच्या थोडं वर. अठरा ग्रीन्स त्याच मापाची असतील तर एका फेरीला ३० ब्रासच्या जवळपास. हा आकडा बजेटच्या बैठकीत जानेवारीतच ठेवायचा. ऐनवेळी वाळू संपली की उरलेल्या ग्रीन्सची छिद्रं अर्धवट राहतात, आणि अर्धवट भरलेलं छिद्र चार दिवसांत वरून मिटतं. खालची पोकळी ढासळते, थर जसाच्या तसा.

काम करण्याचा क्रम असा असू द्या. आदल्या दिवशी हलकं पाणी, म्हणजे माती वाफशावर असेल. चिंब ओल्या ग्रीनवर मशीन घातलं तर छिद्राच्या भिंती घोटल्या जातात आणि त्यातून पाणी झिरपत नाही. कोरड्या ठणठणीत ग्रीनवर टाइन वाकतात आणि कडा उचलल्या जातात. सकाळी छिद्रं पाडा, कोअर, म्हणजे टाइनने बाहेर काढलेले मातीचे तुकडे, लगेच फावड्याने ढकलून गोळा करा. ते वाळून फुटले की त्यातलीच घाण पुन्हा छिद्रांत जाते. मग ग्रीनचा पृष्ठभाग वाळू द्या, आणि त्यावर कोरडी वाळू. कोरडी म्हणजे हातातून घरंगळणारी. ताडपत्रीवर दोन दिवस उन्हात पसरलेली वाळू एप्रिलमध्ये सहज मिळते, ऑक्टोबरात नाही. ओली वाळू छिद्राच्या तोंडाशी बूच मारते आणि खाली पोकळी राहते. काथ्याच्या चटईने दोन्ही दिशांना ओढा, मग ब्रश, परत वाळू, परत ब्रश. काम झालं की दहा-बारा छिद्रांत काडी घालून पाहा. काडी अर्धा इंचही खाली गेली तर अजून भरायचंय.

त्यानंतर नत्र. चौरस मीटरला अडीच ग्रॅम नत्र द्यायचं तर साडेपाच ग्रॅम युरिया, म्हणजे ५०० चौरस मीटरला पावणेतीन किलो, विरघळवून, आणि लगेच पाणी. हलका रोलर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. कापणीची उंची आठवडाभर एक मिमीने वाढवा, आणि पहिल्या कापण्या जुन्या मोअरने करा, कारण वाळू पात्यांची धार खाते. एप्रिल-मे महिन्यांत निरोगी बर्म्युडा दोन ते तीन आठवड्यांत छिद्रं झाकून टाकते.

केव्हा करायचं

बर्म्युडाला ऊन आणि उष्णता लागते. पठारावर मुख्य फेरी मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. पावसाआधी किमान तीन आठवडे मोकळे राहतील अशा बेताने संपवा. दुसरी फेरी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पुण्यात नोव्हेंबरनंतर रात्री गार होतात, हरळीची वाढ मंदावते आणि पाडलेली छिद्रं जानेवारीपर्यंत उघडीच दिसतात. कोकणपट्टीत हिवाळा सौम्य, तिथे थोडी सवड मिळते.

मुख्य फेरी म्हणजे उन्हाळ्याचीच. तीच नेमकी रद्द होते. मे महिन्यात मेंबर सुट्टीवर, मुलांचे कॅम्प, पाहुणे, आणि ग्रीन वर्षातलं सगळ्यात सुंदर दिसत असतं. क्लबचे कॅप्टन म्हणतात, "अहो, आत्ताच तर ग्रीन्स जमल्यात, आता कशाला भोकं पाडता? पावसानंतर बघू." मी त्यांना समजावताना आकडे देत नाही. गेल्या सप्टेंबरचा प्लगचा फोटो पुढे ठेवतो आणि सांगतो, "सर, ही मुळं दीड इंचावर थांबलेली आहेत. मे महिन्यात तीन आठवडे द्या, नाहीतर ऑगस्टपासून तीन महिने जातील." बहुतेक वेळा फोटो पाहिल्यावर परवानगी मिळते. वाळू टाकणं हा काही आजकालचा खर्चिक हट्ट नव्हे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ कोर्सची निगा राखणारे ओल्ड टॉम मॉरिस एकोणिसाव्या शतकात आपल्या माणसांकडून ग्रीनवर सतत वाळू टाकून घ्यायचे, त्यांच्याकडे ना मशीन होतं ना प्रयोगशाळा.

भर पावसात ग्रीन बसायला लागलं तर

जुलै-ऑगस्टमध्ये पोकळ टाइन आणि वाळू यांच्या भानगडीत पडू नका. उघडीप मिळाली, दोन दिवस ऊन पडलं आणि माती वाफशावर आली की सहा-आठ मिमीच्या भरीव बारीक टाइनने सगळं ग्रीन टोचून घ्या. खेळ थांबवावा लागत नाही, संध्याकाळपर्यंत खुणाही दिसत नाहीत. दर दोन-तीन आठवड्यांनी, उघडीप मिळेल तशी. यातून थर जात नाही, पण मुळांना श्वास मिळतो आणि ग्रीन सप्टेंबरपर्यंत तगतं.

कापणीची उंची वाढवा. उन्हाळ्यात साडेतीन मिमीवर असाल तर पावसात साडेचार, जमलं तर पाच. ढगाळ हवेत पानाला जेवढं क्षेत्र जास्त तेवढं बरं. मेंबर चेंडूच्या वेगाबद्दल बोलतील. पण जुलैत वेगासाठी साडेतीनवर धरलेलं ग्रीन सप्टेंबरात मातीच दाखवतं. रोलर ओल्या ग्रीनवर अजिबात नको. कप रोज हलवा, आणि खराब जागेच्या आसपास पिन, म्हणजे भोकातला झेंडा, लावूच नका. कॅडींना बॅगा कॉलरबाहेर ठेवायला सांगा.

शेवाळाचा पापुद्रा दिसला की तो वाळण्याआधी हलक्या खराट्याने किंवा उथळ व्हर्टिकटिंगने, म्हणजे मशीनच्या उभ्या पात्यांनी चिरून, फोडा. पापुद्रा तसाच ठेवून वरून वाळू मारली तर आपण आणखी एक थर पुरतो. बुरशीनाशक वापरायचं तर मँकोझेब शेवाळावर चालतं, लेबलवरच्या मात्रेत आणि हातमोजे-मास्क घालूनच. पण सावली आणि ओल तशीच राहिली तर शेवाळ पंधरवड्यात परत येतं.

सावलीबद्दल दोन शब्द. हरळीला दिवसाचं सात-आठ तास थेट ऊन लागतं. ग्रीनच्या पूर्वेला दाट पर्जन्यवृक्ष किंवा बांबूचं बेट असेल तर सकाळचं ऊन अडतं, दव उशिरापर्यंत राहतं, हवा खेळत नाही. अशा ग्रीनवर कितीही एअरेशन करा, ते दुबळंच राहणार. फांद्या छाटायला महापालिका हद्दीत वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती यायला वेळ लागतो. म्हणून अर्ज पावसाळा संपला की लगेच करावा, म्हणजे उन्हाळ्यात छाटणी होते. झाड तोडण्याचा माझा आग्रह कधीच नसतो. खालच्या फांद्या उचलल्या आणि घेर विरळ केला तरी पुष्कळ फरक पडतो.

ब्लॅक लेयर निघाला असेल तर

उपचार वेगळा आहे आणि इथे चुकीचा माल टाकला तर रोग वाढतो. अमोनियम सल्फेट, गंधक, सल्फेट असलेली कोणतीही खतं थांबवा, कारण ते जिवाणू सल्फेटवरच जगतात. जिप्समही सल्फेटच आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नत्र कॅल्शियम नायट्रेटमधून द्या, चौरस मीटरला १६ ग्रॅममध्ये तेवढंच अडीच ग्रॅम नत्र मिळतं. ओलीत निम्म्यावर आणा, आणि काळ्या पट्ट्याच्या खालपर्यंत जाईल अशा खोल टाइनने हवा पोचवा. आठ-दहा इंच जाणारं डीप-टाइन मशीन दोन-तीन दिवस भाड्याने मिळत असेल तर याच ग्रीनवर आधी वापरा. हवा पोचली की वास काही दिवसांतच कमी होतो. मुळं परत यायला मात्र पूर्ण एक वाढीचा हंगाम लागतो.

बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी किंवा प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरत असाल तर वर्षातून दोनदा पाण्याचा अहवाल घ्या, सोडियमचं प्रमाण पाहा. सोडियम मातीचे कण सुटे करतो आणि वर चिकट पापुद्रा धरतो. ब्लॅक लेयर नसलेल्या ग्रीनवर तिथे जिप्सम आणि भरपूर गोडं पाणी हा इलाज आहे, आणि पहिले चांगले पाऊस अर्धं काम फुकट करून देतात.

एअरेशननेच तयार झालेला थर

प्लगमध्ये वरचे तीन इंच चांगले, आणि नेमक्या तीन इंचांवर, सगळ्या ग्रीनभर एकाच खोलीला, टणक पातळी सापडली तर ती टाइनची टाच आहे. वर्षानुवर्षं एकाच खोलीला मशीन चालवलं की टाइनच्या टोकाखालची माती दर वेळी दाबली जाते. शेतात नांगराच्या तळाशी बसतो तसाच हा तवा. उन्हाळ्याची फेरी चार इंच, पावसाळ्यानंतरची अडीच, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा डीप-टाइन, अशी खोली बदलती ठेवली की तो धरत नाही.

बांधूनच काढावं का

जुन्या कोर्सवर काही ग्रीन्स स्थानिक माती-मुरुमाचा उंचवटा करून वर हरळी लावलेली असतात, खाली ड्रेनच नसतो. तिथे एअरेशनची हद्द कुठे संपते ते मोजून ठरवा. सहा इंच व्यासाचा पीव्हीसी पाइप तीन इंच आत ठोका, आतली माती आधी नीट भिजवून घ्या, मग एक इंच पाणी ओता आणि ते उतरायला किती वेळ लागतो ते बघा. हे एकाच ग्रीनवर चार-पाच जागी करा. एक इंच उतरायला तासापेक्षा जास्त लागत असेल, तर आपल्याकडच्या जोरदार सरीचं पाणी तिथे साचणारच. मन लावून केलेल्या दोन हंगामांच्या एअरेशननंतरही तो वेळ खाली आला नाही, तर ग्रीनमध्ये अरुंद चर काढून त्यात ड्रेन आणि वाळू भरणं हा मधला मार्ग, आणि पूर्ण पुनर्बांधणी हा शेवटचा. प्रत्येक क्लबला पुनर्बांधणी परवडत नाही. चरांचं काम आपल्याच माणसांकडून, एका वेळी एक ग्रीन असं, उन्हाळ्यात करता येतं.

नोंदीसाठी एवढं करा. प्रत्येक ग्रीनवरची एक जागा स्प्रिंकलरपासून अंतर मोजून ठरवून ठेवा आणि तिथलाच प्लग मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजपट्टी शेजारी ठेवून फोटोसकट नोंदवा: मुळांची खोली, थॅचची जाडी, थर किती मिमीवर, वास. आणि ज्या वाळूने यंदा छिद्रं भरली तिची एक बरणी तारीख लिहून स्टोअरमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी ट्रक आला की मूठभर वाळू त्या बरणीशेजारी पांढऱ्या कागदावर पसरून पाहायची. कण जुळला नाही, तर ट्रक रिकामा करू देऊ नका.